सावली कोणाच्या वाट्याला?



चैत्र सरून वैशाख लागला की जतच्या माणसाला सावलीची थोरवी सांगावी लागत नाही. ज्या तालुक्यात पाऊस हात राखून पडतो आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणे हे घरोघरचे एक कामच होऊन बसते, तेथे झाडाचे महत्त्व पटवून देण्यासाठी व्यासपीठावर चढण्याचे कारण नाही. तेव्हा झाडाचे गुणगान करण्यात आम्ही आपला वेळ घेणार नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. शहरात झाडे लावली जातात, बागा केल्या जातात, वने राखली जातात. त्यासाठी कोणाची तरी जमीन जाते, कोणाच्या तरी वाट्याचे पाणी जाते, कोणाचे तरी हात राबतात. या सगळ्यातून जी सावली निर्माण होते, ती अखेर कोणाच्या डोक्यावर पडते?

कामगार संघटनेच्या माणसाने पगार आणि बोनस यांविषयी बोलावे, झाडांच्या भानगडीत पडू नये, असे कोणी म्हणेल. त्यांना आमचे उत्तर असे की सावली हा कामगाराच्या हक्काचाच विषय आहे. १९४८ सालच्या कारखाने कायद्याने दीडशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात विसाव्याची व जेवणाची जागा बांधण्याचे बंधन मालकावर घातले. छप्पर, वारा आणि पिण्याचे पाणी यांविना माणसाकडून काम करून घेणे हा अन्याय आहे, हे कायद्याने तेव्हाच मान्य केले. परंतु ज्याचा कारखाना म्हणजे रस्ताच, त्याचे काय? हमाल, हातगाडीवाला, भाजीवाली, गवंड्याच्या हाताखालची बाई, नाक्यावर कामाची वाट पाहणारा मजूर, यांना मालकाने बांधलेले छप्पर नाही. यांचे विसाव्याचे ठिकाण म्हणजे रस्त्याकडेचे झाड. ते तोडले की त्यांची सोय गेली, आणि तिची तक्रार घेऊन जायला त्यांना कचेरीही नाही.

म्हणून शहरातील हिरवाईचा कोणताही बेत समोर आला की आम्ही चार प्रश्न विचारतो. जमीन कोणाची? पाणी कोणाचे? हात कोणाचे? आणि फाटकाची किल्ली कोणाकडे? या चार प्रश्नांच्या आधाराने आजचा विषय मांडू.

जमीन कोणाची?

बाग झाली की आजूबाजूच्या जमिनीचा भाव चढतो, हे गुपित नाही. इंग्लंडात लिव्हरपूलच्या समोर बर्कनहेड नावाचे गाव आहे. तेथे १८४७ साली लोकांच्या पैशाने एक मोठी सार्वजनिक बाग खुली झाली. सर्वांना फुकट हिंडता यावे म्हणून ती केली, ही गोष्ट गौरवाचीच होय. पण तिचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. घेतलेल्या जमिनीपैकी काही भाग बागेला ठेवला आणि कडेचे प्लॉट बंगल्यांसाठी विकले. बागेमुळे प्लॉटांना भाव आला आणि प्लॉटांच्या भावातून बागेचा खर्च निघावा अशी ती योजना होती. बाग आणि जमिनीचा बाजार यांची सोयरीक तेव्हापासूनची आहे. बर्कनहेडला निदान तो वाढीव भाव लोकांच्या तिजोरीकडे वळवण्याचा विचार झाला. पुढे बहुतेक ठिकाणी बाग लोकांच्या पैशाने झाली आणि चढलेला भाव मात्र शेजारच्या जमीनमालकाच्या खिशात गेला.

दुसरी गोष्ट अमेरिकेतील. न्यूयॉर्कची सेंट्रल पार्क ही बाग जगप्रसिद्ध आहे. ती करण्यासाठी १८५७ साली तेथील वस्त्या उठवल्या. त्यात सेनेका व्हिलेज नावाची एक वस्ती होती. तेथे मुख्यतः काळे लोक राहत. स्वतःची घरे, चर्च आणि शाळा त्यांनी उभी केली होती. बाग झाली, शहराला शोभा आली आणि त्या वस्तीचे नावही लोक शंभरावर वर्षे विसरून गेले.

हे परदेशातले झाले. आता आपल्या घरच्या गोष्टीकडे येऊ. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि कोकण या भागांतील हजारो घरांतून माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली. गावाकडे पाऊस फिरला की लालबाग-परळची वाट धरायची, ही आपल्याकडची जुनी रीत. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली आणि मागे उरली जमीन. अठ्ठावन्न गिरण्यांची मिळून ती सुमारे सहाशे एकर होती, आणि तीही मुंबईच्या ऐन मध्यावर. तेथे माणसाला पाय पसरायला जागा नव्हती, मग झाडाला मुळे पसरायला कोठून असणार?

१९९१ साली शासनाने या जमिनीसाठी नियम केला. गिरणीच्या जमिनीचा विकास करायचा तर साधारण एक तृतीयांश जागा महापालिकेला मैदाने, बागा व सार्वजनिक सोयींसाठी द्यावी, एक तृतीयांश गृहनिर्माण मंडळाला घरांसाठी द्यावी आणि उरलेली एक तृतीयांश मालकाने वापरावी. तीन भावांत शेताची वाटणी करावी, तसा हा सरळ हिशेब होता. गिरणगावाच्या चाळींतील पोरांना मैदान, कामगाराला घर आणि मालकालाही वाटा.

पण २००१ साली या नियमात दुरुस्ती झाली. वाटणी करायची ती सगळ्या जमिनीची नव्हे, केवळ ज्या जागेवर बांधकाम नाही तेवढ्या मोकळ्या तुकड्याची, असे ठरले. गिरणीची जमीन म्हणजे बहुतेक इमारतीच. मोकळे ते काय, अंगण आणि चिमणीभोवतीची जागा! वाड्याची वाटणी करायला बसावे आणि वाटणीला फक्त ओसरी काढावी, असा हा प्रकार झाला. त्याविरुद्ध लोक उच्च न्यायालयात गेले. ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाने लोकांच्या बाजूने कौल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि दुरुस्ती कायम केली. आज परळला फिनिक्स गिरणीच्या जागी मोठा मॉल आहे. आसपासच्या अनेक गिरण्यांच्या जागी काचेचे मनोरे आहेत. त्या मनोऱ्यांत बागा नाहीत असे नव्हे. मोटारी ठेवण्याच्या मजल्यांच्या छपरावर माती घालून, वरच्या मजल्यावर त्या केलेल्या असतात. रस्त्यावरच्या माणसाला त्यातले एक पानही दिसत नाही. मुंबईत हिरवाई वाढली की घटली, असा नुसता प्रश्न विचारला तर हे ध्यानात येणार नाही. जी मैदाने जमिनीवर सर्वांसाठी व्हायची होती, त्यांतली बरीचशी झालीच नाहीत. आणि ज्या बागा झाल्या, त्या लिफ्टने वर जाणाऱ्यांसाठी झाल्या.

वन राखण्यातही हाच प्रश्न येतो. बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान हे मुंबईचे भाग्य आहे. १८६० साली पुरा झालेला विहार तलाव आणि १८७९ सालचा तुळशी तलाव यांचे पाणी त्याच रानातून येते. ते रान राखलेच पाहिजे, यात आमचा दुजाभाव नाही. पण ते राखण्याची किंमत कोणी भरली? मे १९९७ मध्ये उच्च न्यायालयाने उद्यानातील झोपड्या हटवण्याचा आदेश दिला. १ जानेवारी १९९५ च्या मतदार यादीत नाव असलेल्यांना पर्यायी जागा मिळायची, आणि त्यासाठी प्रत्येक कुटुंबाने सात हजार रुपये भरायचे. धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या घरात ही रक्कम एकदम कोठून यावी? ज्यांना भरता आली नाही आणि ज्यांचे नाव यादीत नव्हते, त्यांच्या झोपड्या बुलडोझरने पाडल्या. आणि त्याच रानाच्या कडेने उंच इमारती वाढत गेल्या. खिडकीतून जंगल दिसते, हेच त्या घरांच्या जाहिरातीचे पहिले वाक्य! रानाची शुद्ध हवा ज्यांना विकत घेता आली त्यांच्या घराचा भाव चढला, आणि ज्यांच्याजवळ विकत घेण्याइतके नव्हते त्यांच्यावर अतिक्रमणाचा शिक्का बसला.

पाणी कोणाचे?

हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या माणसाला दुसरा वाटेल. जतच्या माणसाला तो पहिला आहे.

हिरवळ, म्हणजे ज्याला लॉन म्हणतात ते गवत, उन्हाळ्यात एका चौरस मीटरला दिवसाला साधारण चार-पाच लिटर पाणी पिते. पाचशे चौरस मीटरची हिरवळ केली तर रोजचे दोन ते अडीच हजार लिटर झाले. खेड्यातील माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी मिळावे, असे केंद्राच्या जलजीवन योजनेचे माप आहे. म्हणजे ही एवढीशी हिरवळ सुमारे चाळीस माणसांचे पाणी पिते, आणि सावली मात्र एका मुंगीलाही देत नाही! उलट लिंबाचे, वडाचे किंवा चिंचेचे झाड पहिली तीन वर्षे जगवावे लागते. एकदा मुळे खोल गेली की ते आपले पाणी आपण शोधते आणि पुढे तीन पिढ्यांना सावली देते. तरीही नव्या बागांत गवत, कारंजे आणि शोभेची झुडपे यांवर पैसा अधिक का पडतो? कारण गवत महिन्यात हिरवे दिसते आणि उद्घाटनाचे छायाचित्र चांगले येते. लिंबाला पंधरा वर्षे लागतात. तेवढ्यात निवडणुका तीन होतात.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची आगगाडी गेली, हे आपल्याला आठवत असेल. लातूरची तहान खरी होती, तिला पाणी मिळाले ते योग्यच झाले. पण त्याच सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला आपली गावे म्हैसाळ योजनेच्या पाण्यासाठी ठराव करून, मोर्चे काढून थकली होती. पाणी उताराकडे वाहते असे शाळेत शिकवतात. मोठेपणी कळते की ते पुष्कळदा वजनाकडे वाहते. बागेच्या नळालाही हाच नियम लागतो.

हात कोणाचे?

रोप लावणे आणि झाड वाढवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोप लावायला पाच मिनिटे लागतात. झाड वाढवायला एका माणसाची तीन वर्षांची नोकरी लागते. आपल्या राज्यात पहिल्या गोष्टीचे सोहळे होतात, दुसरीची तरतूद होत नाही.

२०१९ च्या पावसाळ्यात, १ जुलै ते ३० सप्टेंबर या तीन महिन्यांत, राज्यात ३३ कोटी वृक्षलागवडीची मोहीम झाली. ती संपून चार दिवस झाले नाहीत तोच, ४ ऑक्टोबरच्या रात्री, मुंबईत आरे वसाहतीत मेट्रोच्या कारशेडसाठी झाडे तोडण्यास सुरुवात झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर दोन हजारांहून अधिक झाडे आडवी झाली होती. विरोध करणाऱ्या २९ जणांना अटक झाली होती. मेट्रो नको असे आमचे म्हणणे नाही. गर्दीच्या लोकलला लोंबकळत कामावर जाणाऱ्या माणसाला ती हवीच आहे. पण लावलेल्या रोपांची संख्या कोटींत आणि तोडलेल्या झाडांची हजारांत सांगितली की तोड क्षुल्लक वाटते, ही हिशेबातली चलाखी ओळखली पाहिजे. रोप आणि झाड यांची बेरीज-वजाबाकी होत नाही. तान्हे मूल घरात आले म्हणून कर्ता माणूस गेल्याची भरपाई होते काय? पुढे २०२१ साली या वृक्षलागवडीच्या चौकशीसाठी विधिमंडळ सदस्यांची समिती नेमण्यात आली. किती रोपे लावली, यापेक्षा किती जगली, हा प्रश्न अखेर विधिमंडळालाही विचारावा लागला.

जी जगली त्यांच्यामागे कोणाचे तरी हात होते. खड्डे खणणारे, कावडीने किंवा टँकरच्या नळीने पाणी घालणारे, शेळ्यांपासून रोपे राखणारे. हे काम बहुधा ठेकेदारामार्फत, हंगामापुरते, तुटपुंज्या रोजावर दिले जाते. ठेका संपला की माणूस घरी आणि रोप वाळलेले. आमचा अनुभव असा की जेथे राखणाऱ्याची नोकरी टिकाऊ, तेथेच झाड टिकाऊ. ऊसतोडीला दूरदेशी जाणाऱ्या आपल्या तालुक्यातील माणसांपैकी काहींना या कामावर कायम घेतले, तर झाडेही वाढतील आणि पोरांची शाळाही सुटणार नाही. हमालांना १९६९ च्या माथाडी कायद्याने नोंद, मजुरी आणि संरक्षण मिळाले. झाड राखणाऱ्याला तशी नोंद का असू नये?

किल्ली कोणाकडे?

बाग सार्वजनिक आहे की नाही, हे तिच्या पाटीवरून ठरत नाही, तिच्या फाटकावरून ठरते. किती वाजता उघडते, तिकीट किती, आत कोणाला हटकले जाते, यावरून ते ठरते. बारा ते चार फाटक बंद असणारी बाग उन्हात राबणाऱ्याच्या काय कामाची? त्याला सावली लागते ती नेमकी त्याच वेळी.

ही गोष्ट केवळ गैरसोयीची राहत नाही, ती जिवावरही बेतू शकते. जानेवारी १९९५ मध्ये दिल्लीच्या अशोक विहार भागात एक मोकळे हिरवे मैदान होते. एका बाजूला बंगले, दुसऱ्या बाजूला झोपडवस्ती. बंगलेवाल्यांच्या दृष्टीने ती फिरायची बाग होती. झोपडीत संडास नव्हते, म्हणून तेथील माणसांना सकाळच्या विधीसाठी जागा ती एवढीच. एका सकाळी अठरा वर्षांचा एक मुलगा तेथे गेला. काही रहिवाशांनी आणि पोलिसांनी मिळून त्याला मारले, त्यात तो मेला. वस्तीतील लोक चिडून उठले तेव्हा पोलिसांनी गोळीबार केला आणि आणखी चार माणसे गेली. बाग स्वच्छ असावी, ही मागणी गैर नव्हती. पण वस्तीला संडास द्यावा, ही मागणी त्या बंगल्यांतून झाली असती, तर ती बागही स्वच्छ राहिली असती आणि पाच जीवही वाचले असते.

आपल्या हाती काय आहे?

आता कोणी म्हणेल, हे सारे मोठ्या शहरांचे झाले. आमच्या जतेत ना गिरण्या, ना मेट्रो. आमचे म्हणणे असे की मुंबईत जे हातचे गेले ते अजून जतेत हातात आहे, म्हणूनच आज हे बोलावयाचे. शहर वाढू लागले आहे. गुहागर-विजापूर महामार्ग गावातून जातो. शेतांचे प्लॉट पडताहेत. पुढच्या वीस वर्षांची सावली आजच्या नकाशांत ठरते आहे.

कायद्याने आपल्याला काही हत्यारे दिली आहेत. १९७५ सालच्या झाडांच्या जतनाच्या कायद्याप्रमाणे नागरी भागात वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवाचून झाड तोडता येत नाही. तोडण्यापूर्वी जाहीर नोटीस द्यावी लागते, ती त्या झाडावरही चिकटवावी लागते, आणि सात दिवसांत कोणालाही हरकत घेता येते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडांना प्राचीन वृक्ष मानून त्यांना अधिक संरक्षण दिले. असे झाड तोडलेच, तर त्याच्या वयाइतकी रोपे लावण्याचे बंधन घातले. दुसरे, २०२० सालच्या एकत्रित विकास नियमावलीप्रमाणे चाळीस गुंठे किंवा त्याहून मोठ्या जमिनीची आखणी करताना दहा टक्के जागा खुली सोडावी लागते. नकाशावर ती असतेच. जागेवर पाहावे तर कोठे कोणाच्या गाड्या, कोठे विटांचा ढीग, कोठे कुंपण. ही दहा टक्के जागा म्हणजे जतची गिरणीची जमीन समजा. तिचा नकाशा मागणे, ती मोजून घेणे आणि तेथे झाडे लावायला लावणे, याला वकील लागत नाही. चार शेजारी लागतात.

लोक उभे राहिले की काय होते, याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. २०२० साली रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या कामात मिरज तालुक्यातील भोसे येथील, चारशे वर्षांचा म्हणून सांगितला जाणारा वड तोडला जाणार होता. लोकांनी आवाज उठवला, आणि आखणी बदलून रस्ता बाजूला घेण्यात आला. रस्त्याला वळण घेता येते, वडाला घेता येत नाही, ही साधी गोष्ट तेव्हा सरकारच्या गळी उतरली.

ही काही नवी शिकवणही नव्हे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड घेण्याविषयी लिहिताना रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये असे बजावले आहे. ती झाडे रयतेने वर्षानुवर्षे पोरांसारखी वाढवलेली असतात, हे कारण तेथे दिले आहे. एखादे जुने झाड घेणेच झाले, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन मग घ्यावे. तीनशे वर्षांपूर्वी लढाईच्या धामधुमीतल्या राज्यालाही झाडामागचे श्रम दिसले आणि त्या श्रमांची संमती महत्त्वाची वाटली.

तेव्हा जतेत झाडे कोठे लावायची, हे ठरवताना आम्ही इतकेच सुचवतो. आधी बसस्थानक, बाजाराची जागा, हमालांचा थांबा, मजुरांचा नाका, रेशन दुकानासमोरची रांग, दवाखान्याचे अंगण, शाळेचे पटांगण आणि यल्लमाच्या यात्रेची वाट. म्हणजे जेथे माणसाला उन्हात थांबणे भाग पडते तेथे. बंगल्यांच्या रस्त्याचा क्रम त्यानंतर. झाडे आपल्या मातीतली, कडुलिंब, वड, पिंपळ, चिंच. राखणारा माणूस पूर्ण पगारावर, निदान तीन वर्षे. पाणी आंघोळीचे-धुण्याचे गाळून, पिण्याच्या पाण्याला हात न लावता. आणि बाग केलीच, तर तिला दुपारी कुलूप नको.

यासाठी मोठा निधी लागत नाही. नगरपरिषदेच्या पुढल्या बैठकीपूर्वी आपल्या वॉर्डातील खुल्या जागांची यादी लेखी मागावी आणि ती घेऊन एका सकाळी प्रत्येक जागेवर जाऊन यावे. जाताना नाक्यावरचा एक मजूर आणि बाजारातली एक भाजीवाली बरोबर असू द्या. झाड कोठे हवे, हे त्यांना नकाशा न उघडताही सांगता येईल.